पाळी जाण्याआधीची वर्षं

चाळिशी ओलांडलेली बाई दवाखान्यात गेली की तिला बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात: पाळी चालू आहे, की गेली? ‘चालू आहे’ म्हटलं तर ‘वयाप्रमाणे होतंच थोडंफार’ असं म्हणून तिची बोळवण होते. ‘गेली’ म्हटलं तर कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. या दोन उत्तरांच्या मध्ये चार-पाच वर्षांचा, काहीजणींच्या बाबतीत त्याहूनही मोठा काळ असतो, आणि त्याची नोंद कुणीच ठेवत नाही. माझं म्हणणं असं आहे की मध्यमवयीन बायकांचं जे टाळता येण्यासारखं नुकसान आपल्याकडे होतं, त्यातलं बरंचसं याच मधल्या वर्षांत होतं. ते टाळायला लागणारी पहिली गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे पाळीच्या तारखा. त्या विचारा, लिहून घ्या आणि बाई कोणत्या टप्प्यावर आहे ते त्यावरून ठरवा. मग सोनोग्राफी, मग औषध, आणि अगदी शेवटी शस्त्रक्रिया.

मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या प्रजननाच्या धड्यात मासिक चक्राची भलीमोठी आकृती असते. अठ्ठावीस दिवस, चौदाव्या दिवशी बीज बाहेर पडणार, अमुक हार्मोन वर, तमुक खाली. मुलं-मुली ती घोकून काढतात, कारण तिच्यावर हमखास प्रश्न येतो. रजोनिवृत्ती मात्र एखाद-दोन वाक्यांत उरकलेली असते. अमुक वयाच्या सुमारास पाळी थांबते, एवढंच, जणू कुणी नळ बंद केला.

प्रत्यक्षात होतं ते असं. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजपुटिका, म्हणजे एकेक बीज सांभाळणाऱ्या सूक्ष्म पिशव्या, असतात. वयात येईपर्यंत त्यातल्या तीन-चार लाख उरतात. पुढे सगळ्या आयुष्यात जेमतेम चारशे-पाचशे बीजं बाहेर पडतात, बाकीच्या पुटिका आपोआप विरून जातात. चाळिशीच्या आसपास हा साठा इतका आटतो की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीला अंडाशयाकडून काम करून घ्यायला जास्त जोर लावावा लागतो, म्हणजेच एफएसएच हे हार्मोन वाढतं. अंडाशय कधी त्याला जास्तच प्रतिसाद देतं, कधी अजिबात देत नाही. त्यामुळे या काळात इस्ट्रोजेन, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर वाढवणारं हार्मोन, सरळ उतरत जात नाही. ते हेलकावे खातं आणि मध्येच पूर्वीपेक्षाही वर जातं. एखाद्या महिन्यात बीज बाहेरच पडलं नाही, तर त्या वाढीला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. मग गर्भाशयाचं आतलं अस्तर नुसतं जाड होत राहतं आणि उशिराने, एकदम, भरमसाट गळून पडतं. ‘अंगावरून फार जातंय’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे असतं. गर्भाशय सडलेलं नसतं की ‘खराब’ झालेलं नसतं. अंडाशयाची लय बिघडलेली असते, आणि तिने या वयात बिघडावं हे ठरलेलंच आहे.

या लयीचे टप्पे ठरवण्याचं काम पंचवीस वर्षांपूर्वीच झालं आहे. २००१ मध्ये अमेरिकेत यूटा राज्यातल्या पार्क सिटी इथे तज्ज्ञांची कार्यशाळा भरली आणि त्यांनी प्रजननक्षम वयापासून वार्धक्यापर्यंतचे टप्पे निश्चित केले. ‘स्ट्रॉ’ या नावाने ती पद्धत ओळखली जाते. दहा वर्षांनी ती सुधारली गेली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा केंद्रबिंदू आहे शेवटची पाळी. तिला शून्य धरायचं, त्याआधीचे टप्पे उणे आकड्यांत आणि नंतरचे अधिक आकड्यांत मोजायचे. पण गोम अशी की शून्य कधी होऊन गेलं हे त्या दिवशी कुणालाच कळत नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही, तरच मागे वळून म्हणता येतं की ती शेवटची होती. म्हणजे ‘पाळी गेली’ हे निदान एक वर्ष उशिराच होतं, आणि त्रासाची सुरुवात मात्र त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

शून्याच्या आधीचे दोन टप्पे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात, कारण ते ओळखायला रक्ततपासणी लागत नाही. लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत सात किंवा जास्त दिवसांचा फरक पडू लागला आणि पुढच्या दहा चक्रांत तसं पुन्हा झालं, की पाळी जाण्याकडच्या वाटचालीचा, म्हणजे संक्रमणाचा, पूर्वार्ध सुरू झाला. साठ किंवा जास्त दिवस पाळी आलीच नाही, की उत्तरार्ध. हा उत्तरार्ध साधारण एक ते तीन वर्षं चालतो. अंगातून वाफा येणं, रात्री घामाने उशी भिजणं, तीन वाजता टक्क जाग येणं हे त्यात वाढतं. वय हे या पद्धतीत निकष म्हणून धरलेलंच नाही, कारण एकीची पाळी त्रेचाळिसाव्या वर्षी जाते आणि दुसरीची त्रेपन्नाव्या. पाश्चात्त्य देशांत सरासरी वय ५१ च्या आसपास आहे, भारतात ते ४६-४७ आहे. म्हणजे आपल्याकडे अनेकींची चलबिचल चाळिशी लागताच सुरू होते, आणि त्यांना सांगितलं जातं की ‘तुमचं अजून वय झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’. (चाळिशीच्या आतच पाळी गेली तर ती गोष्ट वेगळी. तिची कारणं शोधावी लागतात आणि बहुतेकींना उपचार लागतात. ‘लवकर सुटलीस’ म्हणून ते सोडून द्यायचं नसतं.)

आता तारखा. बायकांना तारखा आठवत नाहीत, अशी तक्रार मी डॉक्टरांकडूनही ऐकली आहे. मला ती पटत नाही. आमच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या एका ताईंनी मध्यंतरी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून आपली फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. त्यावर गर्भाशय थोडं मोठं झाल्याचं आणि अस्तर जाड असल्याचं लिहिलं होतं. एका खासगी रुग्णालयात त्यांना सांगितलं होतं, पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल. मुलाने पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती. मी विचारलं, पाळी कधी कधी आली होती?

त्या क्षणभरही अडखळल्या नाहीत. “गौरी जेवल्या ना ताई, त्याच दिवशी आली. जाऊबाईला सगळं करायला लागलं. मग सर्वपित्रीला परत. नवरात्र कोरडं गेलं, दिवाळी कोरडी गेली, मला वाटलं सुटले. तर तुळशीच्या लग्नाला जी आली ती नऊ दिवस. त्यानंतर रथसप्तमी झाली तरी पत्ता नाही.”

पंचांग उघडून मोजलं. गौरीपासून सर्वपित्रीपर्यंत तीन आठवडे. तिथून तुळशीच्या लग्नापर्यंत सहा. तिथून रथसप्तमीपर्यंत जवळजवळ तीन महिने. स्ट्रॉची अख्खी व्याख्या त्या एका श्वासात सांगून मोकळ्या झाल्या होत्या: आधी सात दिवसांहून मोठा फरक, मग साठ दिवसांहून मोठा खंड. सणावारी शिवायचं की नाही, नैवेद्य कुणी करायचा, या जाचाने आपल्या बायकांना एक उपयोगाची गोष्ट नकळत दिली आहे. त्यांची पाळी सणांना बांधलेली असते. शिवाय स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे, गॅसची तारीख आणि कोपऱ्यात पेनाचा एक बारीक ठिपका असतोच. नोंद आहे. विचारणारा नाही.

पुढे त्या महापालिकेच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टर बाईंनी हिमोग्लोबिन पाहिलं, थायरॉइड पाहिलं, अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. तुकड्यात वावगं काही नव्हतं, रक्त मात्र खूपच कमी होतं. लोहाच्या आणि हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. तुकडा तपासला हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पंचेचाळिशीच्या पुढे अति रक्तस्राव झाला, तर ‘पाळी जायला आली असेल’ म्हणून गप्प बसणं हीदेखील चूकच आहे. टप्पा ओळखला म्हणजे तपासणी टाळायची असं नव्हे. कोणती तपासणी हवी, ते टप्पा ओळखल्यावर नीट कळतं.

‘पिशवी काढा’ हा सल्ला महाराष्ट्रात किती सहज दिला जातो, हे आपण बीडमध्ये पाहिलं. २०१९ च्या जूनमध्ये विधिमंडळात सरकारनेच सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढले गेले. ऊसतोड कामगार बायकांच्या बाबतीत त्यामागे उचल, खाड्याचा दंड, फडावर नसलेला आडोसा, असं बरंच काही होतं. त्यावर चौकशी समिती बसली. पुढे २०२२ मध्ये केंद्र सरकारने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत अमलात आणायला सांगितलं. पुण्यातली सुशिक्षित माणसं बीडचं नाव काढलं की हळहळतात. पण कोथरूडमधली विमा असलेली बाई आणि जनता वसाहतीतली कर्ज काढणारी बाई, या दोघींनाही हाच सल्ला मिळतो, आणि देणाऱ्याने दोघींनाही शेवटच्या चार पाळ्यांच्या तारखा विचारलेल्या नसतात.

काही वेळा गर्भाशय काढावंच लागतं, त्याबद्दल वाद नाही. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधांनी रक्त थांबतच नसेल, तर काढावं. पण आधी गोळ्या आहेत, रक्तस्राव कमी करणारी औषधं आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोन सोडणारं साधन आहे. ती बाई संक्रमणाच्या उत्तरार्धात असेल, तर साधारण एक ते तीन वर्षांत ही लय आपली आपणच थांबणार आहे, हे तिला सांगायला हवं. निर्णय तिचा असेल, पण ही माहिती हातात घेऊन तिने तो करावा. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली, तर सावकाश होणारा बदल एका दिवसात अंगावर कोसळतो. वाफा, हाडांची झीज, पुढे हृदयविकाराचा धोका, सगळं लवकर आणि जोरात येतं. अंडाशयं ठेवली, तरी ती थोडी आधी थकतात. शिवाय पिशवी गेली की ठिपके गेले. मग ती कोणत्या टप्प्यावर आहे हे तारखांवरून कधीच कळणार नाही. स्ट्रॉचे पाळीवरचे निकषही अशा बाईला लावता येत नाहीत.

मग दोन आक्षेप येतात. पहिला घरातून: आमच्या आजीला, आईला कुठे काही झालं? झालं. मी माझ्या ओळखीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारत आले आहे आणि विचारल्यावर बहुतेकजणी सांगतात. रात्री उठून न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारायच्या. कुणाच्या अंगावरून महिनाभर जात होतं आणि त्या तशाच शेणगोठा करत होत्या. दुखणं अंगावर काढणं हा गुण मानला जायचा. पाळी गेल्यावर विटाळ संपला, देवघर मोकळं झालं, याचा त्यांना खराखुरा आनंद व्हायचा, आणि त्या आनंदामागे आधीची सगळी वर्षं झाकली गेली. घरच्यांनी त्या वर्षांची आठवण एकाच वाक्यात ठेवली आहे: तेव्हा तिचा स्वभाव फार चिडका झाला होता. या काळात नैराश्याचा धोका खरोखरच वाढतो, झोप तुटलेली असते, अंगात रक्त कमी असतं. स्वभावाला बोल लावून हे सगळं निकालात निघतं.

दुसरा आक्षेप विचारी लोकांचा, आणि त्यातलं निम्मं मला मान्य आहे. नैसर्गिक अवस्थेला आजार का ठरवता? उद्या कंपन्या त्यावरही गोळ्या विकतील. उद्या कशाला, आजच ‘चाळिशीनंतर महिलांसाठी विशेष पॅकेज’ अशा जाहिराती दिसतात, आणि त्यात हार्मोनच्या तपासण्यांची रांग असते. पंचेचाळिशीच्या पुढे पाळी मागेपुढे होत असेल, तर निदानाला एफएसएच तपासायची गरज नाही, असं ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने २०१५ मध्येच सांगितलं आहे. त्या काळात ते रोज बदलतं. आज जास्त आलं, तर पुढच्या महिन्यात साधं येऊ शकतं. त्यापेक्षा दिनदर्शिकेवरचे ठिपके जास्त खरं बोलतात. बाजाराला रोखायचं असेल, तर बाईला टप्पे माहीत असणं हाच उपाय आहे. ज्या बाईला आपल्या शरीरात काय चाललंय ते कळत नाही, तिला घाबरवणं सोपं असतं.

टप्पा कळला नाही तर केवढा गोंधळ होतो, याचं मोठं उदाहरण हार्मोन उपचारांचं, म्हणजे या त्रासावर हार्मोन औषध म्हणून देण्याचं, आहे. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीचा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) एकत्र देण्याचा भाग मुदतीआधी थांबवला गेला, कारण स्तनाच्या कर्करोगाचं आणि हृदयविकाराचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. जगभर घबराट झाली, लाखो बायकांनी औषधं टाकली. पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. बऱ्याचजणींची पाळी जाऊन दहा-दहा वर्षं उलटली होती. आता तज्ज्ञ संस्थांचं मत असं आहे की साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, खूप त्रास असेल आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा विकार असं काही नसेल, तर फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो. तेच औषध, शून्यापासून किती दूर आहात, त्यावर त्याचा गुणदोष ठरतो. हे सगळ्यांनी घ्यावं असं मी म्हणत नाही. रात्रभर झोप नसलेल्या बाईला ‘ते फार डेंजर असतं’ एवढं सांगून परत पाठवू नये, इतकंच माझं म्हणणं आहे. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घ पाहणीत, वारंवार वाफा येणाऱ्या बायकांमध्ये हा त्रास निम्म्याजणींना सात वर्षांहून जास्त झाल्याचं २०१५ मध्ये दिसलं. सात वर्षं हा ‘थोडे दिवस काढ’ म्हणण्याचा काळ नाही.

शून्यानंतरचेही टप्पे आहेत. शेवटच्या पाळीच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरची दोन वर्षं हाडं सर्वांत वेगाने झिजतात. म्हणून साठीला कमरेचं हाड मोडल्यावर कॅल्शियम आठवण्यापेक्षा सत्तेचाळिसाव्या वर्षी पर्वती चढायला लागणं जास्त उपयोगाचं. पुढे योनीमार्गाचा कोरडेपणा, लघवीची जळजळ, वारंवार होणारा संसर्ग येतो. वाफा काळाने ओसरतात, हा त्रास उलट वाढत जातो, आणि यावर साधं मलम असतं हे फार थोड्याजणींना कुणी सांगितलेलं असतं. बारा महिने कोरडे गेल्यानंतर एक डाग जरी दिसला, तरी दाखवायला जायचं. दहातल्या नऊजणींत कारण साधं निघतं. दहाव्या बाईसाठी मात्र वेळ महत्त्वाची असते. ही सूचनासुद्धा बारा महिने मोजले असतील तरच पाळता येते.

नव्याने मोठं काही उभारायला हवं असं नाही. आशाताई तिशीपुढच्या माणसांकडून मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगाच्या तपासणीसाठी एक फॉर्म भरून घेतात. पुण्याच्या वस्त्यांमध्येही त्या जातात. त्या फॉर्मात बायकांना विचारलेलं असतं: दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, रजोनिवृत्तीनंतर रक्त जातं का. प्रश्न अगदी योग्य आहेत. त्यांच्या आधी आणखी तीन ओळी हव्यात. शेवटच्या चार पाळ्या कधी आल्या, सणावरून सांगितलं तरी चालेल. मधला सर्वांत मोठा खंड किती होता. गर्भाशय काढलं आहे का, असल्यास कितव्या वर्षी आणि अंडाशयांसकट का. चार पाळ्यांवरून कोणती बाई कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज आशाताईला दारात उभ्या उभ्या बांधता येईल. आणि गर्भाशय काढण्याच्या प्रत्येक केसपेपरवर याच तारखा असल्याशिवाय विम्याचा किंवा सरकारी योजनेचा पैसा मंजूर होऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांच्या मुलाखती १५ ते ४९ वयापर्यंतच्याच होतात. ती मर्यादा निदान साठीपर्यंत न्यावी.

कामाच्या जागी काय करायचं, यावर आपल्याकडे पाळीच्या रजेचा वाद जोरात आहे, पण तो बहुतेक तरुण मुलींना डोळ्यांसमोर ठेवून चालतो. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीला लक्ष्मी रस्त्यावर दिवसरात्र बंदोबस्ताला उभी असलेली पंचेचाळिशीची हवालदार, पीएमपीच्या बसमध्ये दोन फेऱ्यांच्या मध्ये स्वच्छतागृह शोधणारी कंडक्टर, दारोदार कचरा गोळा करत पाच-सहा तास चालणारी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतली ताई, या वयातल्या बायका त्या चर्चेत नसतात. त्यांना आधी रजा नको आहे. पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हवं आहे, आणि अचानक अंगावरून गेलं तर पंधरा मिनिटं जागा सोडता येईल अशी ड्युटी हवी आहे. याच पुण्यात मोलकरणींनी १९८० साली आपणहून संप केला होता, तेव्हाही मागण्या अशाच रोजच्या जगण्यातल्या होत्या. महापालिका, पोलीस आयुक्तालय आणि पीएमपी या तिघांनी आपल्याकडे चाळीस ते पंचावन्न वयाच्या किती बायका उभ्याने किंवा फिरतीचं काम करतात आणि त्यांच्या मार्गावर चालू स्थितीतली किती स्वच्छतागृहं आहेत, एवढे दोन आकडे जाहीर करावेत. पुढची मागणी त्यावरून करता येईल.